या वेळेला नाही

माझं बोलणं आता अनोळखी माणसाला पटकन समजत नाही. जबड्याचा उजवा भाग काढलाय, जीभ एका बाजूला ओढल्यासारखी राहते, आणि 'प' म्हणायला गेलं की नुसता वारा सुटतो. दुकानात आलेली बाई दोनदा "काय?" म्हणते आणि मग न समजताच मान हलवते. म्हणून लिहिते आहे. लिहिताना कुणी मध्ये "काय?" म्हणत नाही.

मी वारूळवाडीची. लेडीज टेलर. ब्लाउज, परकर, शाळेचे ड्रेस शिवते. मला तोंडाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, मशीनचे शेक, म्हणजे रेडिएशन, झाले, आणि मी बरी झाले. हे शेवटचं माझं म्हणणं नाही, लोकांचं आहे. शेवटचा शेक झाला त्या दिवशी आमच्या ह्यांनी गल्लीत पेढे वाटले. धाकटे दीर म्हणाले, "सुटलो राव एकदाचं." आजार माझा, आणि सुटले हे! त्या दिवसापासून घरात एकच पालुपद, झालं गेलं विसर. अहो, पाणी प्यायला घेतलं की अर्धं हनुवटीवरून खाली येतं. विसरू कशी?

तुम्हाला नुकतंच कुणी "बऱ्या झालात" असं सांगितलं असेल तर हे तुमच्यासाठी आहे. आजारात भीती होतीच, पण तेव्हा कामं होती. रक्त द्या, फोटो काढा, नंबर लावा, नळीतून दूध घ्या. भीतीला बसायला जागा नव्हती. उपचार संपले, सगळे आपापल्या कामाला लागले, आणि मग ती माझ्या शिलाईच्या मशीनशेजारी येऊन बसली ती बसलीच. परत आला तर? याचं उत्तर कुणाकडे नाही, आणि हा प्रश्न विचारला की घरातला प्रत्येक माणूस उठून जातो. राग येणार नाही तर काय होईल?

*

दाढ हलायला लागली म्हणून मी नारायणगावच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. हिरडीवर एक जखम होती, भरत नव्हती. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटलं, उष्णता असेल. बाईंनी आत बघितलं, पुन्हा बघितलं आणि विचारलं, "तंबाखू खाता?"

"न्हाई ओ. आमच्या घरात बायका तंबाखू खात न्हाईत."

"मग मशेरी?"

"मशेरी लावते की. सकाळी, आन् जेवल्यावर."

बाईंनी हातमोजे काढले. मग अगदी हळू विचारलं, "ताई, मशेरी कशाची करतात?"

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. ती मी स्वतः भाजत होते, स्वतः हाताने चुरून डबीत भरत होते. तरी त्या खुर्चीत बसेपर्यंत ती तंबाखू आहे असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंशी खोटं बोलले नव्हते. आमच्याकडे तंबाखू पुरुष खातात, चुना मळून, ते व्यसन. बायका लावतात ती मशेरी, ते दात घासणं. दाढ दुखते म्हणून आईने मला लहानपणी बोटावर दिली होती, तिला तिच्या आईने दिली असेल. आमच्या शाळेच्या भिंतीवर गुटख्याची पुडी काढून त्यावर लाल फुली मारली आहे. मशेरीच्या डबीवर फुली मारलेली मी आजवर कुठे बघितली नाही. बायकांची तोंडं काय कुणाच्या हिशेबातच नाहीत का?

पुण्याच्या दवाखान्यात रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर ह्यांना म्हणाले, "पेशंटला जरा बाहेर बसवा." पेशंट मी, तोंड माझं, आणि बाहेरही मीच. काचेच्या दारातून मला ह्यांची पाठ दिसत होती. ती हळूहळू वाकत गेली. मला काय झालंय ते मला माझ्या नवऱ्याच्या पाठीवरून कळलं. दार उघडल्यावर ते म्हणाले, "काय नाय, जरासं ऑपरेशन हाय." मी म्हटलं, "कॅन्सर हाय ना? मग तसं म्हना." तर ते दवाखान्याच्या फरशीवर खाली बसले आणि रडायला लागले. मग मीच त्यांना चहा पाजला.

*

शेक घ्यायला आठवडाभर पुण्यात राहायचं, शनिवारी गावी यायचं, असं चालायचं. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत माझ्या शेजारच्या खाटेवर शांताबाई होत्या, मढच्या. त्यांचंही तोंडच, त्यांचीही मशेरीच. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, अंगाने किरकोळ आणि जिभेने तिखट.

शेक देताना चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळतात आणि तो टेबलाला पक्का करतात. हलायचं नाही, गिळायचं नाही. पहिल्या दिवशी माझा जीव घाबरा झाला. शांताबाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "चल गं, नवरी. मुंडावळ्या बांधायला बोलावत्यात." मला हसताही येईना. पण त्यानंतर रोज आत जाताना आम्ही एकमेकींना नवरी म्हणायचो. तोंड आतून सोलून निघालं तेव्हा पेजेचा घोटसुद्धा नको वाटायचा. शांताबाई स्वतःची वाटी बाजूला ठेवून माझी पेज फुंकून द्यायच्या. धर्मशाळेतल्या झाडूवाल्या मावशी आमच्यासाठी ती दोनदा गरम करून आणायच्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. या दोन बायका नसत्या तर मी शेक अर्धवट टाकून पळून आले असते.

शनिवारी आम्ही एकाच एसटीने यायचो. मंचर मागं पडलं की शांताबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणायच्या, "बरी झाले की पयली भाकर आन् ठेचा." मी म्हणायचे, "मेल्यावर सुदीक तुमाला ठेचाच लागंल."

आता ते बोलणं आठवलं की माझंच मला कसंतरी होतं.

*

घरी आल्यावर मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहते आणि मोबाईलची बॅटरी लावून तोंडात बघते. तोंड पुरतं उघडत नाही. ते उघडावं म्हणून डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायला सांगितल्यात. काड्या धरते, मग बॅटरी. इथे लाल आहे का? कालही होतं का? जीभ आतून फिरवून फिरवून गाल दुखायला लागतो, आणि गाल दुखला की पुन्हा भीती. तपासणीची तारीख जवळ आली की घरात कुणी भांडं आपटलं तरी मला रडू येतं.

हे म्हणायचे, "सारखं काय तोंडात बघतीस? चांगलं बोल, चांगलं व्हतं."

चांगलं बोलून झालं असतं तर त्या जाळीच्या मुखवट्याखाली मी कशाला पडले असते?

आणि हे सगळं चालू असताना मागच्या दारी माझी धाकटी जाऊ सुमन तव्यावर मशेरी भाजायची. ज्या घरातल्या बाईने हाडासकट गाल कापून घेतला, त्याच घरात! तो जळका वास दुकानापर्यंत यायचा. मी ओरडले, तवा फेकला, अबोला धरला. सुमन वाईट बाई नाही. मी नळीवर होते तेव्हा माझं सगळं तिनेच केलं, माझी नळी, माझे कपडे, माझी लाळ. पण मशेरीचं नाव काढलं की तिचं एकच, "ताई, सोडली की माझं डोकं उठतं. आन् आपल्या सासूबाई म्हाताऱ्या होऊन गेल्या, त्या लावतच व्हत्या की. ज्याचं त्याचं नशीब." माझं नशीब! मी तव्यावर भाजून बोटाने हिरडीला लावलेलं नशीब.

अशातच एका सकाळी बॅटरीच्या उजेडात मला तो दिसला. डाव्या गालाच्या आत, दाढांच्या बाजूला. पांढरा, उडदाच्या डाळीएवढा.

मी बॅटरी बंद केली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ह्यांनी चांगलं बोल म्हटलं असतं, दिरांनी टीव्हीचा आवाज वाढवला असता. आणि खरं सांगायचं तर, तोंडातून शब्द बाहेर पडला की तो डाग खरा होणार होता. तपासणी महिन्यावर होती. मी रोज बघत राहिले. तो गेला नाही.

मग मनीषाचा, म्हणजे शांताबाईंच्या लेकीचा, फोन आला. शांताबाईंचा आजार उलटला होता, मला कुणी कळवलं नव्हतं. "तुमी घाबराल म्हणून आईनंच सांगू दिलं न्हाई मावशी," ती म्हणाली. "गेली आई."

*

दशक्रियेला मी आणि सुमन एसटीने गेलो, ओतूर, डिंगोरे करत मढला. धरणाच्या पाण्याकडेला मांडव होता, माईक होता, माणसं भरपूर होती. महाराजांचं प्रवचन झालं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आमच्या भागात दशक्रियेला पुढाऱ्याने येऊन बोलायचंच असतं. माणूस ओळखीचा असो नसो.

पांढऱ्या कपड्यांतले एक जण उठले. म्हणाले, "कसलंही व्यसन नसलेल्या या माउलीनं कॅन्सरशी मोठ्या हिमतीनं झुंज दिली. परंतु अखेर ती झुंज अपयशी ठरली."

मी खाली बसून माती उकरत होते. कसलंही व्यसन नसलेल्या! आणि झुंज कसली? मी शेजारच्या खाटेवर होते. मुखवटा आवळून टेबलाला बांधतात तेव्हा माणूस झुंजत नाही, गप पडून राहतो आणि गिळायचं नाही एवढं लक्षात ठेवतो. आणि अपयशी कोण? शांताबाई? डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं. दशक्रियेच्या माईकवरून नापास व्हायचं काय कारण त्यांना?

भाषण चालू असतानाच बायकांच्या माना माझ्याकडे वळायला लागल्या. "हीबी तिच्याच बरूबरची ना?" "हिचं कसं हाय म्हनं आता?" माझा जबडा गेलाय, कान शाबूत आहेत. त्या माझ्याकडे बघत होत्या ते पुढचा नंबर कुणाचा हे बघावं तसं.

पिंड झाला, सगळे घरी आले. बायका ओसरीत बसल्या, जेवणाला वेळ होता. मग कुणीतरी पिशवीतून डबी काढली. पितळेची, झाकण आवळ. एकीने चिमूट घेतली, बोटावर घासली, दुसरीकडे दिली. डबी फिरत फिरत आली. समोर भिंतीला शांताबाईंचा फोटो, हार घातलेला. सुमनने डबी घेतली, माझ्याकडे न बघता चिमूट काढली आणि बोट तोंडात घातलं.

त्यानंतर मी काय केलं ते मी ठरवून केलं नाही. मी उठले, मोबाईलची बॅटरी लावली आणि ओरडले, "बघायचंय ना तुमाला? मगापासून बघताय ना? या. आतून बघा."

शब्द नीट कळले नसतील. पण मी तोंड उघडलं, जेवढं उघडतं तेवढं, आणि एकेकीपुढे वाकले. जिथे दात नाहीत ते दाखवलं. मांडीचं कातडं आणून आत शिवलंय ते दाखवलं. एकीने पदर डोळ्यांवर घेतला. मी तो खाली ओढला. "हे मशेरीनं केलंय. फोटोतल्या बाईला मशेरीनं खाल्लंय. आन् तिच्या दहाव्याला तुमी तीच लावताय?" लाळ गळत होती, मी पुसली नाही. सुमनसमोर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले.

शेवटी भिंतीला टेकून शांताबाईंच्या चुलत सासू बसल्या होत्या, पार पिकलेल्या. त्या मागे सरकल्या नाहीत. त्यांनी माझी हनुवटी धरली, मान उजेडाकडे फिरवली आणि म्हणाल्या, "पोरी, हिकडं चांगल्या बाजूला ह्यो पांढरा डाग कसला गं?"

मी तोंड मिटलं.

मनीषा चुलीपुढून उठून आली. "मावशी, कवापासून हाय?"

"ठावं न्हाई."

"ठावं हाय तुमाला," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज माझ्याहून रागाचा होता. "आईबी असंच म्हणायची. ठावं न्हाई, ठावं न्हाई. दिवाळीपस्नं लपवलं तिनं. माझ्या जिवाला लागंल म्हणून! आता काय लागायचं राहिलं? जा तुमी. जेवू नका, उद्याच्या उद्या दवाखान्यात जा."

मला तिथं कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखं झालं. मगाशी एवढी ओरडत होते, आता बॅटरी बंद केली आणि पिशवी उचलली. चुलत सासूंनी डबीचं झाकण लावलं आणि डबी कनवटीला खोचली. फेकली नाही. खोटं कशाला लिहू?

परतीच्या गाडीत सुमन खिडकीशी पदर तोंडावर घेऊन बसली होती.

*

घरी आल्यावर मी ह्यांना उभ्या उभ्या सांगितलं. ते आधी चिडले. "सांगायचं न्हाई का?"

"सांगून? चांगलं बोल म्हणाला असतात."

ते माझ्या शिलाईच्या स्टुलावर बसले. कापडाचं टोक चाळवत राहिले. मग म्हणाले, "त्या दवाखान्याचं नाव काढलं तरी मला त्या डाक्टरचं टेबल दिसतं. तू बरी हायेस, तू बरी हायेस, असं मी मलाच सांगत व्हतो."

"मग मनात सांगायचं. मला गप करून कशाला?"

सकाळी ते माझ्याआधी तयार होऊन बसले होते. आजवर हे बोलणं झालंच नव्हतं आमचं. दोघंही घाबरलेलो, आणि मी त्यांच्यावर संतापलेली, ते माझ्यावर. तुमच्या घरात हे चालू असेल तर भांडून घ्या. तोंड दाबून बसण्यापेक्षा भांडण बरं.

डॉक्टरांनी डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला वेळ लागतो. ते दिवस कसे जातात ते ज्याने काढलेत त्यालाच माहीत. मी एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या एकाच हाताच्या लावल्या. कुणी म्हणालं देवावर सोड, कुणी म्हणालं मन खंबीर ठेव. मन खंबीर ठेवून पेशी ऐकतात का? घाबरलेल्या माणसाला घाबरू द्या. त्याच्याशेजारी बसा आणि गप्प राहा, एवढं पुरे आहे.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांना नव्हे, मला समोर बसवलं. मीच सांगितलं होतं तसं. म्हणाले, "कॅन्सर नाहीये. दाढेची कड गालाला घासत होती, म्हणून डाग पडलाय. कड घासून घेऊ. पण ताई, इतके दिवस थांबू नका. पुढच्या वेळी दिसल्या दिवशी या."

पुढच्या वेळी. हे ते सहज म्हणाले, आणि मला ते पटलं. पुढची वेळ असणारच आहे. तोंड आहे तोवर आरसा आहे आणि आरसा आहे तोवर भीती आहे. ती जात नाही. फक्त तिच्यापायी आपण दवाखान्याची गाडी चुकवायची नाही.

बाहेर आल्या आल्या ह्यांनी फोन काढला. "काय नाय! काय नाय निघालं! दाढ घासत व्हती नुसती!" आधी स्वतःच्या भावाला, मग माझ्या घोडेगावच्या भावाला, तेच आणि तेवढ्याच मोठ्याने. व्हरांड्यात बसलेले लोक बघत होते. त्यांच्यातल्या कुणाचं काय निघालं होतं कुणास ठाऊक. शेवटी त्यांनी सुमनला लावला, तेव्हा मी फोन हिसकावून घेतला.

"काय न्हाई असं न्हाई, सुमन. या वेळेला न्हाई. एवढंच."

मला वाटलं, तिला कळलं नाही. मी पुन्हा सावकाश म्हटलं.

"कळलं ताई." मग हळूच म्हणाली, "ताई, माझ्या बी गालात हाय. आतून. लई झोंबतंय."

"कवापासून?"

"ठावं न्हाई."

तिला ठाऊक होतं. माझ्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या, सगळ्या, इतक्या वर्षांच्या. मी त्या गिळल्या. मला गिळायला त्रास होतो, तरी गिळल्या.

"भाऊजींना गाडी काढायला सांग," मी म्हटलं. "साडी बदलत बसू नको. अशीच निघ. डॉक्टर संध्याकाळपर्यंत हायेत."

"आन् तुमी?"

"मी हितंच हाय."

हे म्हणत होते, अगं, आपण आता घरी जाऊ, पेढे घेऊन. मी त्यांना केसपेपरच्या खिडकीवर सुमनचं नाव घालायला पाठवलं. मग पहिल्या रिपोर्टच्या दिवशी मला बाहेर बसवलं होतं तो बाक, ज्याचा मला जगात सगळ्यात जास्त राग येतो, त्यावर जाऊन बसले, आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. एका बाईने विचारलं, इथे कुणी आहे का? मी म्हटलं, "हाय. येतीये." तिला माझं बोलणं पहिल्या फटक्यात समजलं.